मालदीव की भूतान? मास्तरीण बायकोमागे दोन देश फिरलेल्या माणसाचा हिशेब

मावसबहिणीचा फोन आला. गणितात एम.एस्सी., बी.एड., सहा वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवतेय. दोन ठिकाणी अर्ज केले होते आणि दोन्हीकडून होकार आला. एक मालदीवमधल्या बेटावरची सरकारी शाळा, दुसरी पूर्व भूतानातली. "दादा, तुम्ही दोन्हीकडे राहून आलात. कुठे जाऊ?"

मी आधी विचारलं, नवरा काय म्हणतो? म्हणाली, "ते तयार आहेत."

'तयार आहेत' म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. 2016 च्या दिवाळीत मीही तयार होतो. बायकोला भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली, मुलगी सहा वर्षांची. जानेवारी 2017 ला आम्ही सांगलीतून निघालो. माझ्या व्हिसावर जे लिहिलं होतं त्याचा सरळ अर्थ 'आश्रित'. बेटावर तीन वर्षं काढली. मग सांगलीत आलो, कोरोना गेला आणि फेब्रुवारी 2023 ते डिसेंबर 2024 भूतान. दोन्हीकडे नोकरी बायकोची होती आणि घर माझ्याकडे. त्यामुळे खालचा सगळा आढावा वर्गातून नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीतून लिहिलेला आहे. वर्ग दोन्हीकडे चांगलेच होते, असं ती म्हणते. पोरं मास्तरांना मान देतात, माध्यम इंग्रजी, विज्ञान-गणिताला माणसं कमी. हे मुद्दे सारखेच असल्यामुळे त्यांवर शब्द घालवत नाही.

जाण्यायेण्याची वाट

घड्याळात मालदीव आपल्या अर्धा तास मागे, भूतान अर्धा तास पुढे. आईला फोन करताना एवढाच फरक. बाकी अंतराचं गणित नकाशावर दिसतं तसं मुळीच नाही.

मुंबईहून माले गाठायला विमानाने तीन तास पुरतात. खरा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. देशात बाराशेच्या आसपास बेटं, त्यातल्या दोनशेपेक्षा कमी बेटांवर वस्ती. आमचं बेट मालेपासून स्पीडबोटने अडीच तासांवर होतं, तेही समुद्र शांत असेल तर. नैऋत्य मोसमी वारा सुटला की बोट रद्द, आणि मालेत लॉजचं भाडं भरत बसा. सामान येतं ते धोणीने, म्हणजे त्यांच्या मोठ्या लाकडी होडीने. शुक्रवारी तर सगळंच थांबतं.

भूतानला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. नोकरीसाठी मात्र वर्क परमिट लागतं. आम्ही त्राशिगांग जिल्ह्यात होतो. सगळे थिंफू-पारोचं बघून येतात, पण पूर्वेकडची वाट वेगळी आहे: गुवाहाटीपर्यंत विमान, तिथून गाडीने सामद्रुप जोंगखारची सरहद्द, आणि मग घाटातून सात-आठ तास वर. पावसाळ्यात दरड पडली की रस्ता कधी मोकळा होईल ते विचारायचं नाही. आंबा घाटात वाढलेल्या माणसालाही तिथे पोटात ढवळतं. पण एक आहे: रस्ता बंद असला तरी जमीन जमिनीला जोडलेली असते. सांगलीत वडील आजारी पडले तेव्हा मी त्राशिगांगहून दीड दिवसात घरी पोचलो. बेटावर असताना सासूबाई गेल्या, तेव्हा बोट नव्हती म्हणून बायको तिसऱ्या दिवशी पोचली. ते तिला अजून सलतं.

पैसा

मालदीवचा पगार रुफियात. सरकारी दर डॉलरला 15.42 रुफिया, पण बाजारात डॉलर त्याहून महाग मिळतो, कारण तिथे डॉलरची तूट कायमची. पगारावर 2020 पासून कर आला, पण महिना 60,000 रुफियांपर्यंत काही द्यावं लागत नाही, म्हणजे शिक्षक त्यात येतच नाही. अडचण असते ती पैसे घरी पाठवण्याची. महिन्याला किती डॉलर बाहेर जाऊ द्यायचे याची मर्यादा बँका ठरवतात, बदलतात, आणि बदल बहुधा कमी करण्याकडेच असतो. कागदावर आमचा तिथला पगार भूतानपेक्षा जास्त होता. पण त्यातला बराच भाग रुफियात अडकून राहायचा, मग सुट्टीला येताना कुणाकडून तरी चढ्या भावाने डॉलर घ्यायचे. हा तोटा जाहिरातीत लिहिलेला नसतो.

भूतानचं नगुलट्रम आपल्या रुपयाशी एकास एक बांधलेलं आहे, 1974 पासून. हिशेब ठेवायला माझ्यासारख्याला फार सोपं. 2012 मध्ये तिथेही रुपयांचा तुटवडा झाला होता, पण आमच्या काळात तसं काही सोसावं लागलं नाही. 2019 च्या वेतनवाढीत तिथे शिक्षकाला सरकारी नोकरांत सर्वांत वरचं स्थान दिलं गेलं. पण तो त्यांच्या नागरिकांचा तक्ता. परक्या शिक्षकाचा करार वेगळा असतो, तो स्वतंत्र वाचायचा. तरीही त्यांचे कित्येक शिक्षक ऑस्ट्रेलियाला निघून गेलेत, आणि म्हणून आपल्याला बोलावणं आहे.

एजंटबद्दल एवढंच: आपल्याकडच्या नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव आहे का ते बघा. आमच्याकडे एकाने दोन लाख मागितले होते, 'बेटावरची जागा धरून ठेवायला'.

चूल

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पाच वर्षं हाच माझा धंदा होता.

बेटावर मासा. सकाळी मासा, दुपारी मासा, खाऊच्या बशीतही मासा. न्याहारीला 'मस हुनी', म्हणजे टूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, सगळं हाताने चुरून, सोबत 'रोशी', जी जवळपास आपली पोळीच. मासळीला ते 'मस' म्हणतात, झोपाळ्याला 'उंधोली'. दिवेही भाषा आपल्याच कुळातली, ती अशी अधूनमधून ओळख देते. आम्ही घाटावरचे लोक, रविवारी मटण आणि बाकी भाजी-भाकरी. पहिले दोन महिने नुसत्या वासाने मुलगी जेवेना. मालवणचं कुणी असतं तर स्वर्गात पोचलं असतं, टूना इतका ताजा की हातात थरथरतोय असं वाटावं. तांदूळ, मैदा, साखर सरकारी अनुदानामुळे स्वस्त. भाजी मात्र सोन्याच्या भावाने. कोबी, गाजर, कांदा, बटाटा सगळं बाहेरून येणार, धोणी आली की दुकानाबाहेर बायकांची रांग आणि त्यात मी एकटा पुरुष. कोथिंबीर पाहिली की गलबलून यायचं.

तिसऱ्या महिन्यात शेजारणीने मला परसातलं एक झाड दाखवलं. शेवगा! ते पाला खातात, शेंगेकडे कुणी बघतही नाही. त्या दिवसापासून माझं बरं चाललं. पाल्याची भाजी, शेंगांची आमटी, आणि मोठ्या झाडाला लटकलेला नीरफणस, ज्याचे कोकणात काप करतात. नारळ तर मागाल तेवढा. ज्वारीचं पीठ सुट्टीवरून येताना दहा किलो आणायचं, ते दमट हवेत जूनपर्यंत टिकलं तर नशीब.

भूतानात मिरची. तिखट माणसाला वाटतं, आपण कोल्हापूर-सांगलीचे, आपल्याला काय? मलाही तसंच वाटलं होतं. पण आपण मिरची मसाला म्हणून घालतो, ते भाजी म्हणून खातात. 'एमा दात्शी' म्हणजे मिरच्या आणि चीज, बस्स. दोडक्याच्या भाजीत दोडका असतो तशा त्यात मिरच्या. पहिल्या घासाला मी घाबरलो, महिन्याभराने स्वतः करायला लागलो. शरदात घरांच्या पत्र्यांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या बघितल्या की उन्हाळ्यातली आमची गच्ची आठवायची, फक्त इथे मागे ढग आणि डोंगर. लाल तांदूळ, बटाटे, मुळा, कोबी, वसंतात रानातला नेचा. डाळ, तेल, पोहे, साबुदाणा आसाममार्गे येतो, रस्ता चालू असला की. जेवणानंतर 'डोमा', आपली पानसुपारीच, चुना लावलेली. कुणाच्या घरी गेलात की पुढे येते. माझी आई सुट्टीत आली तेव्हा भाषेवाचून तिचं सगळं काम डोम्यावर भागलं.

मटणवाल्यांसाठी सूचना: त्यांच्या पंचांगातल्या पहिल्या आणि चौथ्या महिन्यात मांसविक्री बंद असते. आपला श्रावण एक, त्यांचे दोन. लोक आधीच साठवून फ्रीजर भरतात, श्रावणातल्या आपल्या काही मंडळींसारखेच.

पोटाच्या बाबतीत शाकाहारी घराने मालदीव टाळावं असं मी सरळ सांगतो. मासे खाणारं घर असेल तर उलट.

देव, कपडे, सण

मालदीवमध्ये इस्लाम हा राज्यधर्म आहे आणि दुसऱ्या धर्माचं जाहीर पूजन कायद्याने बंद. पूजेसाठीच्या मूर्ती देशात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. डुकराचं मांस आणि दारू रिसॉर्टच्या बेटांबाहेर नाही. रमजानात दिवसा चारचौघांत पाणीही पिऊ नये, शाळेच्या वेळा बदलतात. आम्ही गणपती फोनच्या पडद्यावर बसवला, दार लावून, आरती तोंडातल्या तोंडात. उकडीचे मोदक मात्र झकास झाले, कारण नारळ आणि तांदूळ दोन्ही हाताशी. शेजाऱ्यांना 'नारळाची मिठाई' म्हणून दिले, त्यांनी ताटली परत देताना त्यात तळलेले माशाचे गोळे भरून दिले. माणसं लाघवी आहेत, कायदा कडक आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत राहतात. रोज देवासमोर दिवा लावल्याशिवाय चहा न घेणारी सासू सोबत नेणार असाल तर विचार करा.

भूतान बौद्ध. सकाळच्या प्रार्थनेत शाळेतली पोरं विद्येच्या देवतेला, मंजुश्रीला आळवतात. आपल्या देव्हाऱ्याला कुणाची हरकत नाही, दक्षिणेकडे नेपाळी बोलणारे हिंदूही बरेच. कपड्यांचा नियम मात्र उलट बाजूने येतो: शाळेत, कचेरीत पुरुषांना घो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा झगा, बायकांना किरा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं लांब वस्त्र. परदेशी शिक्षकाला साधा औपचारिक वेश चालतो, पण मुलीचा गणवेश किराच होता. तो गुंडाळायला पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटं. माझ्या आईने बघितलं आणि म्हणाली, "नऊवारीपेक्षा सोपं आहे की."

बोलण्यातही गंमत. आदर दाखवायला ते प्रत्येक वाक्याला 'ला' जोडतात. "यस ला", "मॅडम ला". मराठी कानाला सतत वाटतं की वाक्य अर्धवट राहिलंय, मॅडमला काय? मॅडमला काही नाही.

जो घरी राहतो त्याचा दिवस

आता मुद्द्यावर येतो. शिक्षकाला दोन्ही देशांत शाळा मिळते. म्हणजे घंटा, सहकारी, पोरांचे नमस्कार, कंटाळा आला तर कंटाळायलाही कारण. सोबत आलेल्याला सकाळी साडेसात ते दुपारी तीन काय मिळतं, यावर मुक्काम टिकतो की मोडतो. आमच्या बेटावरून तीन भारतीय कुटुंबं कराराआधी परतली. शिक्षकाला नोकरी जड गेली असं एकातही झालं नाही.

दोन्हीकडे आश्रिताला नोकरी करता येत नव्हती. मी सांगलीतल्या दोन दुकानांचे जमाखर्च इंटरनेटवरून लिहायचो, बाकी घर.

बेटाला चालत फेरी मारायला मला पस्तीस मिनिटं लागायची. पहिल्या आठवड्यात दोनदा मारायचो, वर्षभराने एकदाही नाही. निळं पाणी बघून पर्यटक वेडे होतात, त्यांना चार दिवसांत परत जायचं असतं. बारा महिने एकच ऋतू, उकाडा, मीठ, आणि देशातली सर्वांत उंच जागाही समुद्रापासून जेमतेम काही मीटरवर. संध्याकाळी मात्र बेट उठतं. धक्क्याजवळ दोरीच्या जाळीच्या खुर्च्या असतात, 'जोआली', त्यात पुरुष टेकून बसतात, वाळूत पोरांचा फुटबॉल. हिंदी सिनेमामुळे वडीलधाऱ्यांना हिंदी बऱ्यापैकी येतं. मला त्या खुर्चीत जागा मिळाली. पण एका भारतीय शिक्षकाची बायको त्याच बेटावर होती, तिला तशी जागा मिळाली नाही. शेजारणींच्या परसातल्या उंधोलीपुरतंच तिचं जग राहिलं. 2024 मध्ये भारत आणि मालदीवमध्ये जी शाब्दिक चकमक झाली तेव्हा मला तिथल्या जुन्या शेजाऱ्याचा मेसेज आला, 'तुमचा शेवगा वाढलाय.' एवढाच.

भूतानात घरी राहणाऱ्याला काम पुरतं. हिवाळ्यात बुखारी, म्हणजे घर ऊबदार ठेवायची लाकडावरची शेगडी, पेटती ठेवायची, लाकडं फोडायची, नळ गोठायच्या आत पाणी भरून ठेवायचं. कष्ट आहेत, पण दिवस सरतो. ऋतू बदलतात. बाजारात भाजीवालीशी हिंदीत घासाघीस होते. आमच्या जवळ कांगलुंगला शेरुब्त्से, म्हणजे देशातलं पहिलं महाविद्यालय, तिथे येणारे-जाणारे भेटायचे. रविवारी तिरंदाजी. नेम लागला की दोन्ही बाजूची माणसं नाचतात. मला पहिल्याच महिन्यात धनुष्य हातात दिलं आणि पुन्हा कधी दिलं नाही, ते योग्यच झालं. त्रास एकच, रात्री कुत्री. बौद्ध देशात कुत्र्याला कुणी हाकलत नाही आणि ती रात्रभर त्याबद्दल आभार मानतात.

बायको घरी राहणार असेल आणि ती माणसांत रमणारी असेल, तर भूतान. नवरा घरी राहणार असेल, त्याचं काम लॅपटॉपवर चालत असेल आणि त्याला एकटेपणाचं वावडं नसेल, तर बेटही चालेल. मला स्वतःला पुन्हा निवडायचं झालं तर लाकडं फोडणं पत्करेन.

मूल

मूल आठ-नऊ वर्षांच्या आतलं असेल तर बेटासारखं बालपण नाही. गाड्या नाहीत, फक्त मोटारसायकली. दारं उघडी. मुलगी पोहायला शिकली, दिवेहीची उजवीकडून डावीकडे लिहायची थाना लिपीही शिकली, जी तिला कुणी मुद्दाम शिकवली नव्हती. इस्लामच्या तासाला ती वाचनालयात बसायची. पण मोठ्या मुलांचं अवघड. दहावीला केंब्रिजची परीक्षा, परत आल्यावर समकक्षतेचे कागद, आणि लहान बेटांवर पुष्कळदा अकरावी-बारावीच नाही.

भूतानची बारावी आपल्याकडची विद्यापीठं मानतात, अभ्यासक्रमाची घडण आपल्या ओळखीची आहे. पण अडचण जोंगखाची, म्हणजे त्यांच्या राष्ट्रभाषेची. सातवीच्या मुलीला पहिलीचं पुस्तक घेऊन बसवलं, तिला त्याची लाज वाटली, आणि ती दोन महिने आमच्यावर चिडलेली होती. शिवाय वर्षाचा मेळ बसत नाही. त्यांचं वर्ष फेब्रुवारी ते डिसेंबर, आपलं जून ते एप्रिल. ती आठवी संपवून डिसेंबरात आली आणि जूनपर्यंत घरी बसली. त्या सहा महिन्यांत संस्कृत आणि मराठी व्याकरण भरून काढलं.

आणि हे बहिणीला मी दोनदा सांगितलं: महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून वैद्यकीयला जायचं असेल तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली लागते, अधिवासाचा दाखला वेगळा. अभियांत्रिकीत आई-वडिलांच्या अधिवासावर वाट निघते. त्या वर्षीची प्रवेश माहितीपुस्तिका उघडून नियम शब्दशः वाचा. आम्ही मुलगी नववीला परत आणली ती याच कारणाने. कुठलाही देश निवडा, परतीचं वर्ष जाण्याआधी ठरवून ठेवा.

दवाखाना

बेटावर आरोग्य केंद्र, एक डॉक्टर, विमा सक्तीचा. कानाच्या दुखण्यासाठी शेजारच्या मोठ्या बेटावर बोटीने नेलं, रात्र होती, ते विसरणार नाही. त्यापुढचं काही असेल तर माले, तिथलं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय भारताच्या मदतीने 1995 मध्ये उभं राहिलेलं. भूतानात सरकारी दवाखान्यात आमच्याकडून कुणी एक पैसा घेतला नाही, औषधांचाही. पण विशेषज्ञ हवा तर शेजारच्या मोंगार जिल्ह्यातलं रुग्णालय, किंवा सरळ गुवाहाटी. दम्याचं माणूस घरात असेल तर भूतानच्या थंडीचा आणि बुखारीच्या धुराचा विचार करा.

बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, घरात मासे चालत नाहीत, सासू सोबत जाणार. माझ्या हिशेबाने भूतान, तीन वर्षं, जास्त नाही. ती म्हणाली, "पण दादा, मालदीवचा पगार जास्त आहे." मी म्हटलं, आहे. मग म्हटलं, मिस्टरांना माझा नंबर दे, करारावर सही करायच्या आधी त्यांना मला फोन करायला सांग, तू नको.

आज बारावा दिवस. फोन तिचेच येतायत.